जावयाचा जिताडा आणि सेलवरची बोट

हळदीच्या मांडवात तोंड आवरावं, हे बळीराम घरतला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. दमयंतीने, म्हणजे त्याच्या बायकोने, संध्याकाळपासून दोनदा सांगितलं होतं. पण एकुलत्या एक पोरीची, दीपाची हळद. त्यात बेंजोवाले रंगात आलेले आणि समोर खुर्चीवर व्याही काळूराम बसलेले. काळूराम उरणकडचे. खाडीत हात घातला की मासा आपणहून बोटाला येऊन बिलगतो, अशा थाटात बोलणारे. त्यांनी गेल्या साली काढलेला जिताडा ते दोन्ही हात पसरून दाखवत होते आणि दर खेपेला हात थोडे अधिक लांब पसरत होते.

बळीरामला ते काही सोसेना. तो उठला आणि बेंजोच्या वर आवाज काढून म्हणाला, "दिवाळसनाला या, व्याही. जावयाच्या ताटात जिताडा वाढीन. बाजारातला नाय. माज्या हातचा."

लग्नाचा धवला गाणाऱ्या बायका मधेच थांबल्या. बेंजोबरोबरच्या ढोलवाल्याची काठी हवेत राहिली. खांदा गावातल्या एकूण एक माणसाला ठाऊक होतं की बळीरामचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही.

पनवेल-उरणच्या बाजूला जिताडा हा नुसता मासा नव्हे. पापलेट कुणीही कुणालाही खाऊ घालतं. जिताडा मानाच्या माणसाला वाढतात, आणि नव्या जावयाहून मानाचा माणूस कोण? मासा बाजारातून आणलेला असला तरी चालतो, कुणी नावं ठेवत नाही. हे 'माज्या हातचा' बळीरामने पदरचं घातलं होतं.

हात गेला तो तीन वर्षांपूर्वी कळंबोलीला, ट्रक टर्मिनलवर. बळीराम तिथे डिझेलच्या गाड्यांचा फिटर. एका ट्रकच्या टपावरून घसरला आणि उजव्या खांद्यावर आपटला. हाड जुळलं, पाना फिरवण्यापुरता हात परत आला, पण वर जायचं त्याने कायमचं सोडलं आणि जोर लावून काही ओढलं की खांद्यातून कळ निघायची. आता गाडी दुरुस्त करायला हात वर न्यावा लागत नाही. गळ टाकायला मात्र लागतो. आपल्या खाडीचं खोल पाणी मधोमध. तंगुसाची, म्हणजे नायलॉनची, दोरी डोक्यावर गरगर फिरवून भिरकावल्याशिवाय काठावरून गळ तिथवर पोचत नाही. बळीरामने ती दोरी खुंटीला टांगली आणि विचारणाऱ्याला सांगू लागला की मासेमारीचा कंटाळा आला बुवा. ऐकणारा मान डोलवायचा आणि विषय बदलायचा. या मान डोलावण्याचाच बळीरामला सगळ्यात जास्त राग यायचा. खाडीवर जाणं बंद झाल्यापासून तो मनातून फार दुःखी होता.

दमयंतीचा धंदा निराळा. ती बाळंतिणींना आणि बाळांना न्हाऊ-माखू घालायची. नवीन पनवेल वसल्यापासून तिला उसंत नव्हती, कारण कॉलन्यांत मुंबई-पुण्याहून नोकरदार लोक राहायला येत होते आणि त्यांना मुलं होत होती. त्या दिवसांत खांदा कॉलनीत अरुंधतीताईंची चारुता तिच्या हाताखाली होती. हळदीनंतर चार दिवसांनी चारुताला पायांवर पालथी घालून चोळताना दमयंतीने नवऱ्याच्या नावाने जो गजर केला, तो बाहेर पेपर वाचणाऱ्या कमलाकरने, म्हणजे चारुताच्या वडिलांनी, सगळा ऐकला.

कमलाकरला मशिनांचं वेड होतं. घरातलं एकही घड्याळ त्याने उघडायचं सोडलं नव्हतं आणि उघडलेलं एकही धड चालत नव्हतं. तो संध्याकाळी स्कूटरवरून खांदा गावात आला, तोच मुळी धापा टाकत. आपल्या ऑफिसातल्या एका परदेशी मासिकात त्याने फोटो बघितला होता: एक गोरा माणूस समुद्रकाठी खुर्चीवर निवांत बसलाय, हातात रिमोट आहे आणि एक छोटी बोट त्याचा गळ आणि आमिष घेऊन लांब पाण्यात चाललीय. हात वर करायचा प्रश्नच नाही.

बळीराम म्हणाला, "म्हंजे खुर्चीत बसून?"

कमलाकर म्हणाला, "उभं राहूनही चालेल."

त्या रात्री बळीरामला झोप आली नाही. आनंदाने माणसाची झोप उडते हे तो विसरून गेला होता.

तशी बोट आपल्याकडे कुठे मिळायला? पण मुंबईत परदेशी खेळण्यांचं एक दुकान कमलाकरला माहीत होतं. तिथल्या काचेतली लालभडक, टोकदार नाकाची बोट पाहून कमलाकरचा जीव तिच्यावर जडला. दोन मोटरी, अंगावर विजेचं चित्र. बळीरामने दुकानदाराकडे पाण्याचा टब मागितला. दुकानदाराला वाटलं तहान लागली असेल, त्याने ग्लास पुढे केला. शेवटी मागल्या मोरीतून टब आला, भरला गेला, आणि बळीरामने आपल्या डब्यातली भाकरी आणि कांदा काढून लाल बोटीच्या पाठीवर ठेवला. मोटर सुरू होताच बोटीने नाक वर केलं, भाकरी पाण्यात आणि कांदा दुकानदाराच्या पायाशी.

मग बळीराम फळीवर शोधू लागला. अगदी मागे, धूळ खात, एक पिवळी बोट पडली होती. बुटकी, रुंद, मोठ्या जहाजांना ढकलणाऱ्या बोटी असतात तसल्या घडणीची. पाठ सपाट, भोवती कठडा, आणि खालच्या पंख्याला जाळीचं कडं, म्हणजे गवत-चिंध्या अडकायची भीती कमी. उरलेली भाकरी तिच्या पाठीवर बसली ती उठेचना. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. भाकरी टबभर फिरून आली. दुकानदार म्हणाला, ही तर अगदी लहान पोरांची आहे, वेग नाही हिला. कमलाकरही लाल बोटीकडे बघत उसासे टाकत होता.

"साहेब," बळीराम म्हणाला, "आपल्याला माल न्यायचाय. शर्यत नाय लावायची."

पिवळी घरी आली आणि घरात दोन पक्ष पडले. बळीराम फिटर, त्याचा विश्वास ग्रीसवर. लोखंडी स्क्रू खाऱ्या पाण्यात आठवड्यात गंजतील म्हणून त्याने सगळे काढून पितळी बसवले. झाकणाच्या फटीत मेणबत्तीचं मेण ओतलं. पंख्याचा दांडा जिथून पोटात शिरतो तिथे ट्रकचं घट्ट ग्रीस भरलं, म्हणजे पाणी आत जायला नको. बोटीच्या मागच्या कठड्याला कपड्यांचा चिमटा बांधला. गळाची दोरी त्या चिमट्यात धरायची, बोट मधोमध पोचली की काठावरून हलका झटका द्यायचा, दोरी सुटते, गळ खाली जातो आणि बोट मोकळी परत येते. रिमोटला खारा वारा लागू नये म्हणून त्याला दुधाच्या पिशवीचं आंगडं शिवलं. संपलेले सेल पत्र्यावर उन्हात वाळत घातले, तेव्हा सगळं गावच तसं करायचं.

दमयंतीचा विश्वास बाळंतपणावर. खाडीवरून बोट आली की ती तिला घमेल्यात गोड्या पाण्याने आंघोळ घालायची, तेही कोमट, कारण कोमट पाण्याने मीठ लवकर सुटतं असं तिचं म्हणणं. मग मऊ धोतराच्या फडक्याने टिपणं, कानाकोपऱ्यातून. मग पितळी स्क्रूंना बोटाने खोबरेल. मग शेगडीवर ओवा टाकून वरून टोपली पालथी घालायची आणि बोटीला धुरी द्यायची, आतली ओल जायला. बळीरामने पहिल्या दिवशी कपाळावर हात मारला. पण पंधरवडा झाला तरी तारांना ओल धरली नाही, गंजाचा ठिपका नाही, म्हटल्यावर तोच धुरीच्या वेळी टोपली धरू लागला. शेजारच्या सखूबाई विचारायला येत, न्हाली का तुमची? दमयंती म्हणायची, न्हाली, आता निजवलीय.

मासेही मिळू लागले. पहिला शिंगाळा लागला त्या दिवशी बळीराम काठावर लहान पोरासारखा नाचला आणि उतरणीवर घसरून पडला, आणि पडल्या पडल्याही हसत राहिला. बोईटं आली, खरबं आली. काठावर बघ्यांची गर्दी व्हायला लागली. ट्रक टर्मिनलवरचे ड्रायव्हर गाडी लावून पिवळी बघायला यायचे. नुसता जिताडा येत नव्हता. जिवंत कोळंबी लावून झाली, छोटं बोईट लावून झालं, भरतीला टाकून झालं, ओहोटीला टाकून झालं. पिवळी घुर्र करत ऐटीत मधोमध जायची, माल टाकायची, घुर्र करत परत यायची, इतकी तंदुरुस्त की तिच्यात खोट काढायला जागा नव्हती. आणि दिवाळी तर तोंडावर आली.

खंडेनवमीला पान्यांबरोबर पिवळीचीही पूजा झाली, एरियलला झेंडूची माळ चढली. इथवर ठीक होतं. नरक चतुर्दशीला पहाटे घरात सगळ्यांच्या आंघोळी झाल्या. तेल, उटणं, कढत पाणी. बळीराम तुळशीसमोर कारीट फोडून फराळाला बसला. मोरीत दमयंतीच्या हाताला उटणं उरलं होतं आणि समोर पाटावर पिवळी होती. सणाच्या दिवशी घरातलं एक लेकरू बिनआंघोळीचं ठेवायचं, हे तिच्या हातून होण्यासारखं नव्हतं. तिने पिवळीला तेल लावलं, उटणं लावलं, नेहमीच्या सवयीने कानाकोपऱ्यात बोट घालून चोळलं आणि ऊन पाणी घातलं. नवऱ्याला सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. बाळाला आंघोळ घातली हे काय कुणी सांगतं?

पाडव्याला दीपा आणि जावई भरत आले, बरोबर व्याही काळूरामही. जावयाचं लाडू-करंज्यांनी तोंड गोड होऊन होऊन गोडाला विटलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी जिताडा वाढायचा, असा शब्द होता. सकाळी भरती लागली तसं सगळं लटांबर खाडीवर निघालं. बळीरामने दोरी-रिमोट घेतलं, दमयंतीने पिवळी कडेवर घेतली. मागून निम्मं गाव. कमलाकर ऑफिसला दांडी मारून आला होता. आज रिकाम्या हाताने परतलो तर लोक पुन्हा मान डोलवायला लागतील, आणि आता व्याहीही डोलवतील, हे त्याला स्पष्ट दिसत होतं.

काळूराम बोटीभोवती एक फेरी मारून म्हणाले, आमच्याकडे असल्या बोटी पोरं गटारात सोडतात. बळीरामने जिवंत कोळंबी गळाला लावली, दोरी चिमट्यात धरली, पिवळीला पाण्यात ठेवलं आणि बटण दाबलं.

पिवळी निघाली, पण तिची चाल काही नेहमीची नव्हती. घुर्र ऐवजी घुर्... घुर्... आणि खाडीच्या मध्यावर जाऊन एकदम चूप. बळीरामने बटण दाबलं, सोडलं, दाबलं. सेल काढून बाहीला पुसून घातले. काही नाही. झटका दिला तर चिमट्यातून दोरी सुटली आणि पंख्याच्या कड्यात जाऊन गुंतली. आता बोट परत येईना आणि गळही खाली जाईना. कोळंबी बोटीच्या बुडाशी हातभर लोंबत राहिली आणि भरतीच्या पाण्याबरोबर पिवळी गुपचूप आत वाहत चालली. काठावरचे लोक मान डोलवू लागले. काळूरामांनीसुद्धा डोलवली, आणि बळीरामला वाटलं, त्यापेक्षा टोमणा मारला असता तर बरं.

मग पिवळी थांबली. जागच्या जागी गर्रकन वळली आणि भरतीच्या उलट, समुद्राच्या दिशेने, सुसाट निघाली.

"चालू झाली," कमलाकर ओरडला.

बळीरामने रिमोटकडे पाहिलं. त्याचं बोट बटणावर नव्हतंच. पिवळीने नाक पाण्यात बुडवलं, परत वर काढलं, आणि त्या लाल बोटीलाही जमला नसता अशा वेगाने पळाली. बळीरामने रिमोट कमलाकरच्या हातात कोंबला आणि दोरी धरली. दोरीतून हाताला लागलेली तसली जबर ओढ त्याला तीन वर्षांनी लागत होती. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तोंडातून हसू फुटलं, दोन्ही एकदम.

"जिताडा हाय," तो म्हणाला.

काळूराम कोकरासारखे उडी मारून पुढे आले, दोरीला हात घालणार तोच दमयंती आडवी झाली. "व्याही, हात लावू नका. शबुद दिलाय तेनी."

काळूराम थबकले. अस्सल मासेमार माणूस, समोर जिताडा दोरीला, आणि हात लावायचा नाही! त्यांनी मोठ्या कष्टाने दोन्ही हात पाठीमागे बांधले. ते बघून भरतने बांधले. मग कमलाकरने रिमोटसकट, मग सखूबाईंनी, मग सगळ्या गावाने. काठावर पन्नास-साठ माणसं हात पाठीशी बांधून नुसत्या पायांवर थयथयाट करत होती.

इकडे डाव्या हातातून दोरी सुटत चालली होती आणि उजव्या खांद्यातून कळ निघत होती. पण पिवळी तरंगती होती; जिताड्याला दर वेळी खाली जाताना तिला ओढून न्यावं लागे आणि ती पुन्हा वर उसळे. मासा दमत होता. प्रश्न फक्त ओढायचा होता. आणि बळीरामला कळंबोली आठवली. तिथे रुतलेला ट्रक माणसं ओढत नाहीत, विंचच्या फिरत्या रुळावर दोर गुंडाळतात. दोरी रुतू नये म्हणून त्याने डोक्याची टोपी काढून कमरेशी धरली, तिच्यावरून दोरी घेतली आणि स्वतःभोवती फिरला. एक वेढा बसला. पुन्हा फिरला. दुसरा.

बळीराम घरत काठावर गिरक्या घेऊ लागला, वेढ्यावर वेढे चढू लागले आणि पिवळी मागे मागे येऊ लागली. दीपा टाळ्या वाजवायला गेली आणि हात पाठीशी आहेत हे आठवून नुसतीच किंचाळली. बळीरामला खाडी दिसे, मग गाव, मग खाडी, मग व्याही, मग दोन व्याही.

"चक्कर येतेय," तो म्हणाला.

"मंग उलटे फिरा," काळूराम कळवळून म्हणाले. "उतरंल."

व्याह्याचा मान म्हणून बळीराम उलटा फिरला. दोन वेढे सुटले आणि पिवळी परत मध्यावर.

"आवो, उलटं नाय," दमयंती कडाडली. "जसं फिरत व्हतात तसंच फिरा."

बळीराम तसाच फिरला. शेवटी शेवटी त्याला काठ कुठे आणि पाणी कुठे हे कळत नव्हतं. दमयंतीच्या आवाजाकडे तोंड आलं की एक वेढा झाला, एवढंच कळत होतं. पिवळी चिखलाला टेकली. तिच्यामागे उथळ पाण्यात चांदीसारखं काहीतरी भलं मोठं उलटलं. बळीराम झोकांड्या खात पाण्यात शिरला, नेम धरून माशाच्या डावीकडे पडला, उठला, उजवीकडे पडला, आणि तिसऱ्या खेपेला बरोबर त्याच्या अंगावर पडला. त्याने जिताड्याचा जबडा धरला आणि त्याला कवटाळून चिखलात तसाच पडून राहिला. वर आभाळ फिरत होतं. आपण इतके सुखी शेवटचे कधी होतो, हे त्याला आठवेना.

हात सुटले तसं गाव धावलं. दमयंतीने आधी पिवळीला उचललं, मग नवऱ्याला.

दुपारी पानं मांडली. जिताड्याचं डोकं भरतच्या ताटात पडलं. वाढायचंही बळीरामनेच, असं ठरलं होतं, पण तो भिंतीला धरून बसला होता. उभं राहिलं की घर फिरायचं. तेव्हा भरतच ताट घेऊन उठला, सासऱ्यासमोर येऊन मांडी घालून बसला, आणि बळीरामने बसल्या बसल्या त्याच्या ताटात कालवण वाढलं. काळूरामांनी काटे ताटाच्या कडेला लावले. मग म्हणाले, "व्याही, माजे दोनी हात धड हायत. पन असा जिताडा मी कदी नाय काढला." आणि या वेळी लांबी दाखवायला त्यांनी हात पसरले नाहीत.

जेवणं आटोपल्यावर दमयंती मोरीशी घमेल्यात पिवळीला घेऊन बसली होती. केसातला आकडा काढून ती पंख्याच्या दांड्यातून काहीतरी कोरत होती. पिवळसर, ग्रीसमध्ये कालवून सिमेंटासारखं घट्ट झालेलं, आणि अजून वासाचं. बळीराम भिंत धरत धरत आला आणि शेजारी टेकला. त्याने ते बोटावर घेऊन हुंगलं आणि त्याला सगळं उमगलं: मोटर का अडली ते, आणि इतके दिवस जिताडा का येत नव्हता तेही. इतकी निगा राखली होती त्याने त्या मोटरीची, की तिचं खणखणीत घुर्र ऐकून जिताडा आधीच पसार व्हायचा.

दमयंतीचा चेहरा उतरला होता. सणाचं म्हणून उटणं लावलं, ती म्हणाली, आत जाईल हे ध्यानात आलं नाही. आज मासा नसता लागला तर चारचौघांत तुमची मान खाली गेली असती, आणि माझ्यापायी गेली असती.

बळीरामने तिच्या हातातला आकडा काढून घेतला आणि तिच्या केसांत परत खोवला. त्यासाठी त्याला हात खांद्याएवढा वर न्यावा लागला, तेवढा गेला.

"राहू दे गो थोडं आत," तो म्हणाला.